डब्याचे पैसे आणि चौथा हिस्सा



आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द हे मंचरजवळचे गाव. कांदा, बटाटा आणि उसाचा हा पट्टा. आपल्या बहुतेक बायाबापड्यांची मिळकत कांदेकापणी, बटाटेकाढणी आणि खुरपणीच्या रोजावर. रोज असला तर चूल पेटते, पावसाने उघडीप दिली नाही तर उसनवारी. पण २००९ साली या गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शासकीय तंत्रनिकेतनही तेथेच आहे. लांबलांबच्या जिल्ह्यांतली मुलेमुली तेथे शिकायला येतात. खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला दोन वेळचे घरचे जेवण हवे असते. या आठवड्यात आपण या डब्याच्या धंद्याचा हिशेब मांडू, कारण ज्या ज्या गावात असे महाविद्यालय आहे तेथील भगिनींना तो उपयोगी पडेल.

आधी जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो तो घेऊ. आपल्या घरचा डबा घेतील का? काहीजण आडनाव विचारतील आणि घेणार नाहीत. त्यांना खुशाल जाऊ द्यावे. अन्न आणि पाणी यांचा व्यवहार आपल्याला शेकडो वर्षे बंद होता, म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता कायद्याने संपली. मनातली संपायला वेळ लागतो आहे. पण महाविद्यालयात आपल्याही समाजाची मुले असतात, आणि परगावच्या भुकेल्या पोराला गरम पोळी कोणाच्या तव्यावरची याच्याशी फारसे देणेघेणे नसते. एवढे मात्र सांगते : गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बाहेरच्या खोलीतली बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत नेऊ नका. तसबीर पाहून परत जाणारा मुलगा महिनाअखेर पैसेही नीट देणार नाही असे समजा.

आता आकडे. समजा एका वेळचा डबा ६० रुपयांना दिला. पीठ, तेल, भाजी, डाळ, तांदूळ आणि गॅस मिळून ३८ रुपये लागले, तर २२ रुपये उरतात. दहा डब्यांचे २२० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५,७२० रुपये. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, तेव्हा आकडे आपले घालावेत, पण रीत हीच ठेवावी. पुष्कळ भगिनी ६० गुणिले दहा एवढेच धरतात आणि सहाशे रुपये कमावले म्हणतात. पीठ घरचे, गॅस घरचा, म्हणून तो खर्च त्या मोजतच नाहीत. घरचे पीठ फुकट नसते. पहिल्या महिन्यात तरी चपातीचे पीठ वजन करून घ्या आणि सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट, निम्मे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत. दोन मुले पैसे न देता गेली तर त्यांच्या डब्यांचे ३,१२० रुपये बुडतात, म्हणजे महिन्याच्या नफ्यातला अर्ध्याहून अधिक भाग. जी मुले शिष्यवृत्तीवर किंवा स्वाधार योजनेच्या पैशांवर शिकतात, त्यांचा हप्ता वेळेवर येतोच असे नाही. अशा मुलाला थोडी सवलत द्या, पण वहीत त्याची सही घेऊन. आणि हेही ध्यानात ठेवा की दिवाळीला, परीक्षेनंतर आणि उन्हाळ्यात गावात मुले नसतात. हा धंदा वर्षातून नऊ महिन्यांचाच धरावा.

तर महिन्याला ५,७२० रुपये आले. त्यांचे काय करायचे? येथेच बहुतेक घरांत गळती लागते. मिळालेला पैसा कोणत्या वाटेने गेला ते कळत नाही.

भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. त्यात त्यांनी मिळकतीचे चार हिस्से करायला सांगितले आहे. एक हिस्सा उपभोगासाठी, दोन हिस्से कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. धन गळण्याची सहा दारेही त्यात दाखवली आहेत, त्यात दारू आणि जुगार आहेत, तसे तमाशे आणि आळसही आहेत. भिक्खूंच्या नियमांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. संसारी माणसाला दिलेला हा रोकडा सल्ला मात्र वंदना आटोपली की विसरतो.

आपल्या हिशेबात एक हिस्सा १,४३० रुपयांचा होतो. १,४३० घरखर्चाला, २,८६० धंद्यात परत. त्यातून मोठा तवा, डबे, आणि हंगामात घेतलेले गहू. उरलेले १,४३० रुपये कोणत्याही कारणाने मोडायचे नाहीत. नऊ महिन्यांत ते १२,८७० रुपये होतात.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा. मुलीच्या प्रवेशासाठी ऐनवेळी शेकडा पाच दराने २०,००० रुपये काढले, तर महिन्याला हजार आणि वर्षाला १२,००० रुपये नुसते व्याज. मुद्दल तसेच. म्हणजे दहा मुलांचे डबे वर्षभर करून बाईने जो चौथा हिस्सा साठवला असता, जवळजवळ तेवढाच सावकाराच्या घरी जातो. आपल्या मुली बारावीनंतर घरी बसतात त्याला अक्कल कारण नसते, जून-जुलैत हातात न आलेले वीस हजार कारण असतात.

बचत गटातून कर्ज घेतले तरी व्याज असतेच, बहुधा शेकडा दोन. पण ते व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि शेवटी वाटून परत येते. गट नसेल तर पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या दहा-बारा बायकांनी सुरू करावा. वंदनेनंतर अर्धा तास पुरतो. दारात येऊन पटकन कर्ज देणाऱ्या कंपन्यांबाबत एकच सांगते. हप्ता किती, असे विचारू नका. शेवटपर्यंत एकूण किती रुपये भरावे लागतील ते विचारा, आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या.

खर्च वाचवायला या भागात सोपी जागा म्हणजे कांदा. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा लहान गोल्टी कांदा स्वस्त मिळतो, आणि भाजीत पडल्यावर तो गोल्टी होता हे कोणाला कळते? चार घरांनी मिळून घ्यावा. प्लॅस्टिकच्या पोत्यात ठेवू नये, हवा खेळती राहील असा पसरून ठेवावा आणि पंधरा दिवसांनी निवडावा. गहू, तूरडाळ आणि तेलाचा मोठा डबाही गटाने एकत्र घेतला तर किरकोळ दुकानदाराचा नफा आपल्याकडे राहतो.

डब्यासोबत शेळी पाळावी असे पुष्कळजणी सुचवतात. उरलेसुरले शिळे, भाजीची देठे तिला चालतात (शिळी पोळी फार घालू नये, पोट फुगते). परंतु जुन्नर-आंबेगावात उसात बिबट्या असतो. कुडाच्या आडोशाला शेळी बांधणे म्हणजे त्याला जेवणाचे ताट वाढणे. वर छप्पर, चारी बाजूंनी पक्की जाळी आणि आतून-बाहेरून बंद होणारे दार एवढा खर्च आधी धरा, मग शेळीची किंमत. तेवढे जमत नसेल तर शेळी घेऊच नका. संध्याकाळनंतर लहान मुलाला गोठ्याकडे पाठवू नका. बिबट्याने जनावर मारलेच तर ते हलवू नका. वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्या, नुकसानभरपाई मिळते.

आता चौथा हिस्सा ठेवायचा कोठे? डाळीच्या डब्यात ठेवलेला पैसा सगळ्या घराला ठाऊक असतो. पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते काढा. महिन्याला कमीत कमी शंभर रुपये आणि पाच वर्षांची मुदत. खाते स्वतःच्या नावाने काढा. स्त्रीला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते अडवले गेले, हे १९५१ मधील त्यांच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. आणि आपण त्यांच्या लेकी, दोन हजारांचे पासबुकही नवऱ्याच्या नावाने काढतो. नवरा भला असेल तर त्याला याचा राग येणार नाही.

खाते १,४३० रुपयांचे काढू नका, हजाराचे काढा. उरलेले ४३० रुपये दर महिन्याला वेगळे ठेवले की नऊ महिन्यांत ३,८७० होतात. सुट्टीच्या तीन महिन्यांचे हप्ते त्यातून जातात आणि ८७० रुपये शिल्लक राहतात. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड बसतो. वर्षभर हप्ते नीट भरले तर गरजेला जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळते. खाते महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडले तर हप्ता दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावा लागतो. सोळानंतर उघडले तर महिनाअखेरपर्यंत चालते. डब्याचे उरलेले निम्मे पैसे मुले महिना संपताना देतात, तेव्हा खाते सोळा तारखेनंतर काढलेले बरे.