पालघरजवळचा रेल्वे गोळीबार: बंदुकीचा कायदा कुठे कमी पडतो?

३१ जुलै २०२३ची पहाट. डहाणूमार्गे मुंबईकडे निघालेल्या जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघरनंतर गोळीबार झाला. आरपीएफचे एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी गेले. आरोपी आरपीएफचाच जवान, हत्यार सरकारी.

परवाने कडक केले असते तर हे टळलं असतं? नाही. १९५९चा शस्त्र कायदा कलम ४५नुसार ड्युटीवरच्या सरकारी हत्याराला लागूच होत नाही.

१९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनमधल्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. वर्षभरात ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर बंदीचा कायदा केला.

इथे सहकाऱ्याच्या जबाबानुसार, आरोपीने त्या रात्री तब्येत बरी नसल्याचं सांगितलं होतं. मग नियम साधाच हवा: तब्येतीची तक्रार आली, की आधी बंदूक जमा.