पुरून ठेविलेले धन

आत्मिक वाढ हा ज्याचा त्याचा खासगी विषय आणि लोकोपयोग हा सवड असणाऱ्यांचा, अशी समजूत आमच्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांत हळूहळू रूढ होत चालली आहे. उपासनेस जावे, शास्त्रवाचन करावे, मन शांत ठेवावे. शेजाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही हे पाहण्यास मंडळीने नेमलेले सेवक आहेतच! ही समजूत दिसावयास निरुपद्रवी असली, तरी ती ख्रिस्ती जीवनाच्या मुळावरच घाव घालणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नागपूरच्या उत्तरेस, जगदंबेच्या देवस्थानाकरिता प्रसिद्ध असलेल्या कोराडीस औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. ह्या टापूच्या पोटात कोळसा युगानुयुगे पडून होता. परंतु तो खणून जाळला जाईपर्यंत त्याने एकही दिवा लाविला नाही. नागपूर प्रांतातील खडक व कोळसा ह्यांच्या वयाविषयी १८६१ साली निबंध प्रसिद्ध करणारे स्टीफन हिस्लॉप हे पेशाने भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. ते मिशनरी होते. १८४५ साली ते इकडे आले. त्यांनी शिक्षणाचे काम केले, गोंडादी लोकांच्या भाषा व चालीरीती टिपून ठेविल्या, आणि १८६३ साली टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. बाप्तिस्म्यांच्या संख्येने मोजावयाचे, तर त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. परंतु १८८३ साली त्यांच्या नावाने निघालेल्या महाविद्यालयातून सर्व धर्मांचे विद्यार्थी शिकून बाहेर पडले. ह्या आयुष्यातील भक्ती कोणती आणि उपयोग कोणता, हे निवडून दाखविता येईल काय?

ह्यावर कोणी म्हणतील, "आधी अंतःकरण तर शुद्ध होऊ द्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" म्हण खरी आहे, परंतु ज्या आडाचे पाणी कोणी शेंदीत नाही त्यास शेवाळ धरते, हेही तितकेच खरे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. ख्रिस्ताची खरी ओळख आपणांस त्यानंतर काही वर्षांनी पटली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. ती पूर्ण पटेपर्यंत त्या हात जोडून बसल्या होत्या काय? १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि निराधार स्त्रिया व मुली ह्यांना आश्रय देत्या झाल्या. सेवेतून त्यांची श्रद्धा खोल गेली व श्रद्धेतून सेवा विस्तारली; दोहोंत आधी कोण, हा प्रश्नच त्यांच्यापुढे उभा राहिला नाही.

मात्र उपयोगाचा नुसता गाजावाजा करणाऱ्यांचेही आम्ही समर्थन करीत नाही. कोराडीची वीज दूरवर उजेड पाडते आणि राखेचा त्रास शेजारच्या गावांस सोसावा लागतो. सभेत सेवेचे अहवाल वाचावयाचे आणि घरी मोलकरणीशी तुसडेपणाने बोलावयाचे, हा त्यातलाच प्रकार होय. प्रार्थनेने ज्याचा अहंकार झिजला नाही, त्याच्या परोपकाराचे ओझे अखेर घेणाऱ्याच्याच डोक्यावर बसते.

शुभवर्तमानातील दृष्टान्तात धन्याचे धन पुरून ठेवणाऱ्या चाकराने ते चोरले नव्हते, उधळलेही नव्हते. जसेच्या तसे परत केले होते. तरीही धन्याने त्यास दूर केले. आमच्या कुटुंबांतील नेमस्त, निर्व्यसनी, वक्तशीर धार्मिकतेने ह्या गोष्टीचा विचार करावा. आम्ही कोणास प्रार्थना कमी करा असे सांगत नाही. वर्षभराच्या प्रार्थनेनंतर आपल्यामुळे कोणत्या रोग्याची रात्र सुसह्य झाली, कोणत्या मुलाची फी भरली गेली, कोणाशी धरलेला अबोला सुटला, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. उत्तरादाखल एकही नाव आठवत नसेल, तर आपली आत्मिक वाढ होत आहे हे समाधान त्याने तूर्त बाजूस ठेवावे आणि शेजाऱ्याचे दार ठोठवावे.