नुसता डिजिटल आकडा काय कामाचा?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय: कॉलनी काउंटर. म्हणजे लॅबमध्ये पेट्री डिशवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके मोजायचं यंत्र.

आमच्या नायगावचा याच्याशी काय संबंध? आहे ना! सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं २००६ साली आली आणि नियम झाला: पावडरच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. शेतकऱ्याला त्यातला एकही दिसत नाही. "डिजिटल मशीनवर मोजलंय" म्हटलं की तो बिचारा गप्प!

आता हे डिजिटल प्रकरण बघा. साध्या काउंटरमध्ये खाली दिवा, वर भिंग आणि हातात एक पेन. ठिपक्यावर पेन दाबलं की आकडा एकाने वाढतो. म्हणजे मोजतो माणूसच, यंत्र फक्त बेरीज लक्षात ठेवतं.

"मग कॅमेऱ्यावालं ऑटोमॅटिक घ्या," असं माझेच सॉफ्टवेअरवाले मित्र म्हणतील. २०१३ साली आलेलं ओपनसीएफयू तर फुकटच आहे. पण खरी चूक होते कुठे? ५ कोटी थेट मोजता येत नाहीत. म्हणून आधी १ ग्रॅम पावडर ९ मिली पाण्यात, मग त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं एकूण ६ वेळा पातळ करायचं. त्यातलं १ मिली डिशवर टाकलं की उगवतात ५० ठिपके. मोजताना २ सुटले तर चूक ४ टक्के. पण पिपेट दर वेळी ५ टक्के जास्त ओढत असेल तर शेवटी चूक जाते सुमारे ३० टक्क्यांवर! त्यापुढे लाखाचा कॅमेराही काय करणार?

शिवाय काँगो रेड घातलेल्या माध्यमावर रायझोबियम पांढरट राहतो, बाकीचे उपटसुंभ सहसा लाल रंग ओढतात. हे नीट शिकवलं नाही तर सॉफ्टवेअर दोन्ही मोजून मोकळं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आधी पिपेट तपासा, त्याची नोंद ठेवा. आणि प्रत्येक बॅच नंबरसोबत डिशचा तारखेसकट फोटो सगळ्यांना बघता येईल असा ठेवा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. फोटो असला की मोजणी कुणीही पुन्हा करून बघू शकतो.

मुळांवर गाठी धरल्या नाहीत की आपण पावसाला नाहीतर बियाण्याला शिव्या देतो. पाकिटावरच्या आकड्याला कुणीच जाब विचारत नाही. विचारा की!