परतीचे तिकीट नसलेला प्रवास

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्याची मुख्य भूमी आणि कॅनडाचे व्हँकूव्हर बेट यांच्या मधल्या समुद्रात सॅन वान नावाचा द्वीपसमूह पसरलेला आहे. नाव असलेली बेटेच तेथे पावणेदोनशेच्या घरात भरतात. परंतु राज्याच्या फेरीबोटी त्यांपैकी केवळ चार बेटांना लागतात: लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन वान. दाट सूचिपर्णी अरण्य, मधूनच मेंढ्यांची कुरणे, आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा समोर येणारा समुद्र, असे या बेटांचे रूप आहे. दक्षिणेकडील ऑलिम्पिक पर्वत पावसाचे ढग अडवून धरतो, म्हणून सिएटल शहराहून येथे पाऊस कमी पडतो. उन्हाळ्यात दूरदूरचे सायकलस्वार येथे येतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रवासाचा आरंभ ॲनाकॉर्टस या गावच्या धक्क्यावर होतो. सायकल बोटीत नेऊन कठड्याजवळ दोरीने बांधावी आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसावे. हिशेबाची सवय असलेल्या माणसाचे लक्ष मात्र येथील तिकिटाच्या पद्धतीकडे गेल्यावाचून राहत नाही. तिकीट घ्यावे लागते ते केवळ जाताना. परतताना कोणी काही विचारत नाही, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना पादचाऱ्याला व सायकलस्वाराला काहीच द्यावे लागत नाही. यामागचा विचार सरळ आहे. जो बेटावर गेला, तो कधीतरी परतणारच. मग दोनदा खिडकी उघडण्यापेक्षा एकदाच वसुली केली, तर माणसांचा वेळ व व्यवस्थेचा खर्च दोन्ही वाचतात. १९५१ मध्ये राज्याने ही सेवा खासगी कंपनीकडून स्वतःकडे घेतली, आणि तेव्हापासून ती राज्याच्या महामार्गाचाच भाग मानली जाते. तिकिटांच्या उत्पन्नातून तिचा सगळा खर्च निघत नाही. उरलेला भार राज्य उचलते, कारण बोट थांबली तर बेटावरची शाळा, दुकान आणि दवाखानाही थांबतो. जुन्या झालेल्या बोटी व अपुरे कर्मचारी यांमुळे अलीकडच्या वर्षांत फेऱ्या रद्द होण्याचे प्रसंग आले, तेव्हा बेटवासीयांना या गोष्टीचा कटू अनुभव आला.

पहिले बेट लोपेझ. धक्क्यापासूनचा एक चढ संपला, की पुढचे बहुतेक रस्ते सपाट आहेत. नवशिक्यालाही ते पेलतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. बोटीतून उतरलेल्या मोटारींची रांग अरुंद रस्त्यावरून भरधाव निघते. अनुभवी सायकलस्वार पाच-दहा मिनिटे धक्क्यावरच थांबतात आणि ती रांग पुढे जाऊ देतात. नंतरचा रस्ता जवळजवळ त्यांचाच असतो. समोरून येणारा प्रत्येक मोटारचालक स्टिअरिंगवरून हात उचलून अनोळखी माणसालाही अभिवादन करतो, ही या बेटाची जुनी रीत आहे. शेताच्या कडेला लहान मांडव दिसतात. त्यांत भाजी, फळे, फुले मांडलेली असतात, भाव लिहिलेला असतो आणि शेजारी पैशांची पेटी असते. विक्रेता कोठेच नसतो. ग्राहकाने स्वतःच वस्तू घ्यावी, स्वतःच हिशेब करावा आणि पैसे पेटीत टाकावेत. दुकानाच्या गल्ल्यावर ज्यांची हयात गेली, त्यांना या पेटीचे मोल अधिक कळेल. ती ठेवायला भांडवल लागत नाही. परंतु जी पत लागते, ती एका पिढीत उभी राहत नाही.

दुसरा टप्पा सॅन वान बेटाचा. येथे सायकलस्वार ‘अमेरिकन कॅम्प’ आणि ‘इंग्लिश कॅम्प’ अशा दोन जुन्या लष्करी तळांमधला सुमारे वीस किलोमीटरांचा रस्ता कापतात. हे दोन तळ एका डुकरामुळे अस्तित्वात आले. १८४६ च्या तहात अमेरिका व ब्रिटन यांची सरहद्द समुद्रातील ‘मधल्या खाडीतून’ जाईल असे लिहिले गेले; पण खाड्या एकाहून अधिक होत्या. मसुद्यातील एका संदिग्ध शब्दामुळे दोन्ही देश बेटावर हक्क सांगू लागले. १५ जून १८५९ रोजी लायमन कटलर या अमेरिकन वसाहतवाल्याने आपल्या बटाट्याच्या वाफ्यात शिरलेले डुक्कर गोळी घालून मारले. ते ब्रिटिशांच्या हडसन्स बे कंपनीचे होते. कटलरने दहा डॉलर देऊ केले आणि कंपनीच्या माणसाने शंभर मागितले, असे सांगितले जाते. नव्वद डॉलरांच्या या फरकावर अमेरिकन सैनिक उतरले आणि ब्रिटिश युद्धनौका किनाऱ्याला आल्या. परंतु ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल बेन्स यांनी एवढ्याशा कारणासाठी दोन राष्ट्रांना युद्धात लोटण्यास नकार दिला. पुढे दोन्ही देशांनी बेटावर लहान तुकड्या ठेवून संयुक्त ताबा मान्य केला. अखेर जर्मनीचे सम्राट पहिले विल्हेल्म यांना लवाद नेमण्यात आले आणि ऑक्टोबर १८७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या बाजूने निवाडा दिला. तेरा वर्षांच्या त्या वादात एकाही सैनिकाचे रक्त सांडले नाही. जीव गेला तो त्या एका मुक्या प्राण्याचा.

तिसरे बेट ऑर्कस. या नावाचा देवमाशांशी संबंध असावा असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते मेक्सिकोच्या एका स्पॅनिश व्हाइसरॉयच्या लांबलचक नावाचा तुटलेला तुकडा आहे. येथे सपाट रस्त्याचे सुख संपते. कॉन्स्टिट्यूशन हा द्वीपसमूहातील सर्वांत उंच डोंगर सुमारे ७३० मीटरांचा आहे. तळ्याकाठून निघालेला रस्ता आठ-नऊ किलोमीटरांत माथ्याला पोहोचतो. सायकल सर्वांत हलक्या गिअरवर येते, श्वास मोजता येतो, आणि जुन्या डग्लस फर वृक्षांची सावली दोन्ही बाजूंनी सोबत करते. ही सावली ज्याच्यामुळे टिकली, त्याची कथा व्यापारी घरांत सांगण्याजोगी आहे.

रॉबर्ट मोरान १८७५ मध्ये अठरा वर्षांचा असताना सिएटलच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्या खिशात दहा सेंट होते. पहिली न्याहारी त्याला विल्यम ग्रोस या कृष्णवर्णीय खाणावळवाल्याने उधारीवर दिली. बोटींवर यांत्रिकाचे काम शिकत मोरानने भावांसह कारखाना उभारला. १८८८ मध्ये तो शहराचा महापौर झाला. पुढच्याच वर्षी ६ जूनच्या आगीत सिएटलचा व्यापारी भाग आणि त्याचा स्वतःचा कारखानाही जळाला. त्याने शहर सावरले आणि कारखाना पुन्हा उभा केला. क्लोंडाइकच्या सोन्याची लाट आली, तेव्हा त्याने युकॉन नदीसाठी डझनभर आगबोटी बांधल्या. १९०४ मध्ये ‘नेब्रास्का’ ही युद्धनौका त्याच्या गोदीतून पाण्यात उतरली. त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याला सांगितले, की हृदय थकले आहे. आयुष्य फार तर एखादे वर्ष उरले आहे.

मोरानचे वय तेव्हा पन्नाशीलाही पोहोचले नव्हते. त्याने ऑर्कस बेटावर जमीन घेतली, धंदा विकला आणि शेवटचे दिवस शांतपणे काढण्यासाठी तो तेथे राहायला आला. परंतु शेवटचे दिवस आलेच नाहीत. कामाचा ताण सुटताच प्रकृती सुधारू लागली. त्याने रोझारिओ नावाचा वाडा बांधला. मग भोवतालचे अरण्य, तळी आणि तो डोंगर सार्वजनिक उद्यानासाठी देऊ केला. राज्याने ते स्वीकारण्यात काही वर्षे गेली. अखेर १९२१ मध्ये सुमारे २,७०० एकर जमीन जनतेची झाली. ज्याला एक वर्ष दिले गेले होते, तो माणूस १९४३ मध्ये, शहाऐंशी वर्षांचा होऊन गेला.

ज्या काळात लाकूड हाच या किनाऱ्यावरचा मोठा व्यापार होता, त्या काळात ही देणगी दिली गेली, हे विसरून चालणार नाही. त्या अरण्याची किंमत मोरानइतकी कोणाला ठाऊक असणार? आयुष्यभर जहाजे बांधणाऱ्याला प्रत्येक खोडात किती फूट फळ्या निघतील हे दिसत असले पाहिजे. तरीही त्याने ती उभीच राहू दिली. दुकान बंद करण्याची वेळ कोणती, हे बहुतेक व्यापाऱ्यांना आजारपण सांगते. मोरानलाही तेच सांगावे लागले. फरक एवढाच, की ऐकल्यानंतर तो परत गल्ल्यावर गेला नाही.

डोंगरमाथ्यावर १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, बेरोजगार तरुणांच्या हातांनी बांधलेला एक दगडी मनोरा आहे. पायऱ्या चढून वर गेले, की पूर्वेला माउंट बेकरचे हिमशिखर आणि उत्तरेला कॅनडाची बेटे दिसतात. खाली पांढऱ्या-हिरव्या रंगाची फेरीबोट कागदी नावेएवढी दिसते. उतरताना ब्रेकवर हात ठेवून सावकाश यावे. वळणे तीव्र आहेत आणि ज्या उंचीला दोन तास लागले, ती पाऊण तासाच्या आत सरते.

संध्याकाळी ऑर्कसच्या धक्क्यावर सायकली रांगेत उभ्या राहतात. थकलेले पाय, उन्हाने रापलेले चेहरे, पिशवीत लोपेझच्या पेटीत पैसे टाकून घेतलेली दोन सफरचंदे. बोट लागते, साखळी बाजूला होते आणि माणसे आत जातात. तिकीट कोणीही विचारत नाही. ते आरंभीच चुकते केलेले असते.