ओलं जळताना डोळे कुणाचे जळतात?

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ओलं जळताना डोळे कुणाचे जळतात, हे ती म्हण सांगत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या वाड्यांवर मी काम करते. तिथल्या आरोग्य शिबिरांत एक उपदेश मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे: “बायांनो, ओली लाकडं जाळू नका. लाकूड नीट वाळवायला शिका.” समोर बसलेल्या बाया पदराआड हसतात. शिकायचं काय आहे त्यात? ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते जाळलं की बरीचशी आच पाणी उडवण्यातच जाते, जाळ धरत नाही आणि घर धुराने भरतं. हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. दिवाळीनंतर तोडायचं, होळीच्या आत फोडायचं, दगडांवर बांबू टाकून जमिनीपासून उचलून रचायचं, बाजूंनी वारा खेळता ठेवायचा आणि मृग लागायच्या आत फाटी छपराखाली घ्यायची. चुलीवरच्या माळ्यावर उद्याचं सरपण आज शेकायचं. हे शास्त्र त्यांचंच आहे.

मग ओलं का जळतं? कारण ज्ञान आहे, पण छप्पर नाही. २०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, तेही स्वयंपाकाच्या जागेसकट. त्यात माणसं, भांडी, धान्य आणि चार महिन्यांची फाटी मावायची कशी? म्हणून फाटी बाहेर, चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वारा नाही, म्हणून ओल आत कोंडते आणि लाकडाला बुरशी धरते.

दुसरं कारण भीती. २००६ च्या वनहक्क कायद्यात झुडपी लाकूड आणि बुंधे गौण वनोपजात धरले आहेत. तरी रानातून येणारी बाई अजून वनरक्षकाला चुकवत येते. घाईत हाताला लागेल ते ओलं-सुकं तोडून मोळी बांधली जाते. निवडायला, वाळवायला सवड चोराला नसते आणि हिला तर चोर ठरवूनच ठेवलं आहे.

“आता गॅस आला की!” असं म्हणणारे पुष्कळ आहेत. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, जोडणी बाईच्या नावावर आली, हे चांगलंच झालं. पण मजुरी रोजची आणि सिलिंडरचे पैसे एकरकमी. पावसात मजुरीही आटते. मग गॅसवर चहा होतो आणि भात, भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात, फाटीसाठी मांडव मागणं म्हणजे बाईला चुलीला आणखी घट्ट बांधणं नाही का? मला हे पटत नाही. परवडणारा गॅस हा तिचा हक्कच आहे आणि त्यासाठी भांडायचंच. पण तो मिळेपर्यंतचे पावसाळे तिने धुरात काढावेत, असं म्हणण्याचा अधिकार गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या आपल्याला कुणी दिला?

आणि घरातल्या पुरुषांनाही सुटका नको. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. फाटी फोडणं, रचणं, उलटवणं हे काही बाईच्या रक्तात लिहिलेलं नाही.

तेव्हा उपदेश पुरे. प्रत्येक घरकुलाला लागून पत्र्याचा, बाजूंनी मोकळा मांडव हवा. सुकं सरपण आणणाऱ्या बाईला रानात कुणी अडवता कामा नये. मजुरी बंद असते त्या महिन्यांत सिलिंडर हप्त्याने मिळायला हवा. या तिन्ही मागण्यांचा ठराव पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत मांडा आणि सगळ्याजणी मिळून तो मंजूर करून घ्या. मृग कुणासाठी थांबत नाही.