धूर दिसत नाही म्हणून

संगणकाच्या उद्योगाला धुराडे नसते, म्हणून तो निर्मळ, असा समज आपल्या सुशिक्षित समाजात घट्ट रुजला आहे. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी थंडावली, त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. जणू प्रदूषणाचे पर्वच संपले! आम्हांला हा समज मान्य नाही.

या उद्योगामुळे कागद वाचला, कचेऱ्यांच्या खेपा टळल्या, आमच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मोबाईलवरील प्रत्येक व्यवहाराची नोंद कोठेतरी साठवावी लागतेच. पवई, ऐरोली, महापे येथील डेटा सेंटरांत यंत्रे अहोरात्र चालतात. ती तापू नयेत म्हणून शीतकरणही अहोरात्र चालते. २०२४ मध्ये जगभरातील अशा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आपल्या देशात विजेचा मोठा वाटा आजही कोळशातूनच येतो. धूर नाहीसा झालेला नाही; तो दुसऱ्याच्या अंगणात गेला आहे.

हे अंगण आम्हांला परके नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. तरीही तेथील ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ पासून मुंबईच्या उपनगरांसाठी कोळसा जाळीत आले आहे. राख चिकूच्या वाड्यांना, उजेड शहराला! धुरातील गंधक काढणारी यंत्रणा तेथे बसली, तीही आपोआप नव्हे. नागरिक न्यायालयात गेले, १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले, त्यानंतरच्या दीर्घ पाठपुराव्याने ती बसली.

आणि जुनी झालेली यंत्रे? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला; त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्यावर रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी तांब्यासाठी सर्किटच्या पाट्या जाळणाऱ्या गरिबांनी आपल्या प्रगतीची किंमत स्वतःच्या फुप्फुसांनी मोजली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सवलतीची जमीन आणि वीज मागणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने आपली वीज, पाणी व डिझेल यांचा हिशेब जाहीर करावा. तो नसेल तर सवलतही नसावी. आणि आपण? चालता फोन केवळ नव्याच्या हौसेपायी टाकू नये. बिघडलेला भंगारात न घालता अधिकृत संकलन केंद्राकडेच द्यावा. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा असे संकलन करणे अवघड नाही. शासनाकडे हिशेब मागणाऱ्यांनी आपल्या कपाटातील जुन्या फोनांचा हिशेब आधी द्यायला हवा.