सांध्याचे मोल

आमच्या कबनूरला यंत्रमागांची खडखड कानांना सवयीची. मागावर धागा तुटला की कामगार गाठ मारतो. पुढे मेंडिंगवाल्या बायका ती गाठ, ते दोष दिसेनासे करतात. कारण दोष दिसला की कापडाचा भाव उतरलाच.

जपानात नेमके उलट. फुटलेला चहाचा वाडगा तिथे उरुशीच्या झाडाच्या चिकाने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. ही ‘किन्त्सुगी’. तिची आठवण करून देणारे काम कोरियाच्या ई सूक्युंग 2002 च्या सुमारापासून करीत आहेत. कुंभारांनी सदोष म्हणून फोडलेल्या भांड्यांची खापरे त्या सोनेरी सांध्यांनी जोडतात. कोरियन भाषेत ‘गुम’ म्हणजे तडा आणि सोनेही! असले घडे आज संग्रहालयांत मानाने मांडले जातात.

मला प्रश्न पडतो तो इथेच. सांधा दिसला, म्हणून सांधणारीचे नाव झाले. आमच्या मेंडिंगवालीचे काम जितके चोख, तितके ते अदृश्य; मग तिची मजुरी तरी कुणाच्या नजरेत यावी कशी? सोने राहू द्या. कापड घेताना त्या हातांचा हिशेब तरी आपण धरणार की नाही?